डोळ्यातला गंज

दरवाजाची चौकट वाकलेली दिसते म्हणून मामांनी चक्क सुताराला बोलावलं. पिंपरीच्या मोटार कारखान्यात ३४ वर्षं पेंट शॉपला काढलेला माणूस, रेष सरळ आहे की नाही हे नजरेनं सांगणारा! सुतारानं ओळंबा लावला. चौकट सरळच होती.

निदान निघालं मॅक्युलर डीजनरेशन. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग. वाचणं, चेहरे ओळखणं, सुईत दोरा ओवणं, अशी बारीक कामं त्याच्याकडे. तो खराब झाला की कडेचं दिसत राहतं, नेमकं मधलंच पुसलं जातं. ‘मोतीबिंदू असेल, पिकला की काढू’ म्हणत घराघरांत हे खपून जातं. शिवाय एक डोळा दुसऱ्याचं सांभाळून घेतो ना!

कारण विचारलं तर डॉक्टर म्हणाले, वय आणि आनुवंशिकता आहेच, पण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसही. (आपल्या डेडलाइनवाल्या स्ट्रेसशी याचा संबंध नाही.) डोळ्याचा पडदा भरपूर ऑक्सिजन खातो, त्यात दिवसभर उजेड झेलतो. त्यातून फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि पेशींना पोखरतात. पडद्यामागच्या पेशी रोजचा कचरा साफ करत असतात. वय झालं की साफसफाई मागे पडते आणि पिवळट ठिपके साचू लागतात. अर्धा तास मी हे समजावत होते. मामा म्हणाले, ‘‘अगं, म्हणजे गंज चढतो, एवढंच ना?’’

मग काय, गंजावर प्रायमर! दुसऱ्याच दिवशी मामांनी केमिस्टकडून अँटिऑक्सिडंट कॅप्सूल आणल्या. मी पाकिटावरचं वाचलं आणि बीटा कॅरोटीनपाशी थांबले. अमेरिकेत २००१ मध्ये ‘एरेड्स’ अभ्यासाचे निष्कर्ष आले. व्हिटॅमिन सी, ई, बीटा कॅरोटीन, झिंक आणि तांबं मोठ्या डोसमध्ये दिल्यावर, ज्यांचा आजार आधीच मधल्या टप्प्यावर होता त्यांच्यात तो गंभीर होण्याचा धोका साधारण २५ टक्क्यांनी घटला. घटला, एवढंच. गेलेली नजर परत येत नाही, आणि धडधाकट माणसाला या गोळ्यांनी आजार टळतो असंही नाही. आपण आपलं पालक, मका, अंड्याचा बलक खावं. पण सिगारेट ओढणाऱ्याला बीटा कॅरोटीननं फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर त्याच्या जागी ल्युटीन आणि झिॲक्सॅन्थिन आलं.

आणि मामांची सिगारेट? थर्ड शिफ्टपासूनची सोबतीण. या आजारात आपल्या हातातलं सगळ्यात मोठं कारण तीच. कॅप्सूल गिळायला मामा एका पायावर तयार, पाकीट सोडायला नाहीत! मला याचाच राग येतो.

डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. फ्रिजवर आता चौकटी-चौकटींचा ॲम्स्लर ग्रिड चिकटवलाय. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून रोज बघायचं. रेषा नव्यानं वाकल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पळायचं. आजार ‘ओल्या’ प्रकारावर गेला, तर डोळ्यात वेळेत इंजेक्शन दिल्यानंच नजर टिकते. मामा हे सारं शिस्तीत करतात, हजेरीपटासारखी तारीखही टाकतात.

परवा मामीचा फोन आला. तुळशीच्या कुंडीमागे पाकीट सापडलं म्हणे, अर्धं भरलेलं.