चौकोनांची अदलाबदल

प्रिय चिऊ,


तुमच्या भागातल्या सगळ्या समाजांनी मिळून एक भिंत रंगवायची ठरलीय आणि मराठी मंडळाचा चौकोन तुझ्या वाट्याला आलाय, हे कळल्यापासून मी फार खुशीत आहे. ढोल-ताशा, लेझीम, नऊवारी, रायगड ही तुझी यादीही आवडली. तरी रेखाटन पक्कं करण्याआधी तुझ्याच लॉस एंजेलिसमधली एक भिंत बघून ये, हे सांगायला लिहितेय.

नॉर्थ हॉलिवूडकडे, व्हॅली कॉलेजला लागून टुहुंगा वॉश नावाचं नदीचं पात्र आहे. पूर येऊ नये म्हणून ते काँक्रीटने बांधून टाकलंय. १९७४ साली अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने त्याच्या सुशोभीकरणासाठी ज्युडी बाकाला विचारलं. ही मेक्सिकन वंशाची चित्रकर्ती तिथूनच जवळ, पॅकोइमात वाढलेली. फुलं-पानं काढून देता आली असती, पण तिने पात्राच्या भिंतीवर कॅलिफोर्नियाचा इतिहास काढायचा ठरवला, आणि तोही ज्यांची नावं पाठ्यपुस्तकात नव्हती त्यांच्या बाजूने. पात्र कोरडं असे तेव्हाच रंगवता येई, म्हणून १९७६ ते १९८३ दरम्यानचे पाच उन्हाळे खर्ची पडले. १३ फूट उंच, २७५४ फूट लांब. ‘द ग्रेट वॉल ऑफ लॉस एंजेलिस’ या नावाने ती ओळखली जाते.

रंगवली कोणी, ते महत्त्वाचं. चारशेहून अधिक मुलामुलींनी! पहिल्या उन्हाळ्यात ८० जण होते, त्यातले बरेच पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यात सापडलेले. ज्या वस्त्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं, तिथली पोरं एकाच परांचीवर उभी राहिली. कामाची मजुरी मिळायची. इतिहासकारांना विचारायचं, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ऐकायच्या, त्यावर वाद घालायचा, मग रेखाटन. रंगाचा डबा उघडायच्या आधीच निम्मं काम झालेलं असे. मला तर हेच खरं काम वाटतं.

आता त्या भिंतीवर काय आहे ते बघ. १८७१ मध्ये या शहरात जमावाने चिनी माणसांना ठार मारलं, ते आहे. मंदीच्या काळात आगगाडीत बसवून मेक्सिकोला धाडलेली कुटुंबं आहेत, आणि त्यातले कित्येक जण जन्माने अमेरिकन नागरिक होते. १९४२ पासून छावण्यांत कोंडलेले जपानी अमेरिकन आहेत. चावेझ रवीन ही मेक्सिकन वस्ती उठवली गेली आणि पुढे तिथे डॉजर्स या बेसबॉल संघाचं स्टेडियम झालं. चित्रात ते उडत्या तबकडीसारखं खाली उतरतंय, आणि महामार्ग सापासारखे एका कुटुंबाला वेटोळं घालून त्यातल्या माणसांची ताटातूट करतायत. आनंदही आहे गं, ऑलिम्पिक गाजवणारी विल्मा रुडॉल्फ आहे, बिली मिल्स आहे. पण आनंदाच्या शेजारी दुःख जागा मागून बसलेलं आहे, आणि कोणत्याही समाजाला स्वतंत्र कुंपण नाही. मिश्र टोळ्यांनी रंगवलेली भिंत ती. दुसऱ्याच्या आजोबांवर काय गुदरलं हे ज्याने ब्रशने काढलं, तो शेजाऱ्याकडे पूर्वीसारखा बघेल का?

म्हणून मला चौकोनांची कल्पना अपुरी वाटते. आपण आपला सण काढणार, आर्मेनियन त्यांचं चर्च, फिलिपिनो त्यांचा नाच. उद्घाटनाला सगळे आपापल्या चौकोनासमोर फोटो काढतील, आणि भिंत झाल्यावरही एकमेकांना तितकेच अनोळखी राहतील.

आपल्याकडे सांगण्यासारखं कमी नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिक होता येणार नाही असा निकाल दिला, आणि ते दार १९४६ मध्ये उघडलं. तू आज तिथे जे नागरिकत्व घेऊ शकतेस, त्यामागे हा झगडा आहे. तुझ्याच त्या पश्चिम किनाऱ्यावर, भारताच्या स्वातंत्र्यासाठीच्या गदर चळवळीच्या उभारणीत आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. पुढे ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, आणि मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. त्याच मेक्सिकन परंपरेत बाका तयार झाली; १९७७ साली ती कुएर्नावाकाला सिकेरोस या मेक्सिकन भित्तिचित्रकाराच्या कार्यशाळेत शिकायला गेली होती. म्हणजे मेक्सिकन शेजाऱ्यांकडे जाऊन बसायला तुला किती चांगलं निमित्त आहे बघ!

समितीला सांग की चौकोन बदलून घेऊ. खानखोज्यांची गोष्ट मेक्सिकन पोरांना काढू दे, तू त्यांच्या चावेझ रवीनच्या आज्ज्यांना भेट. उशीर होईल, वाद होतील, कोणीतरी म्हणेल की सणाच्या भिंतीवर असलं कशाला. तरी आग्रह सोडू नकोस. ज्या शहरात १९३२ साली सिकेरोसने ऑल्व्हेरा स्ट्रीटवर काढलेलं चित्र पांढरा रंग फासून झाकलं गेलं, त्याच शहरातली ही भिंत २०१७ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. १९६०च्या दशकापासून पुढचा इतिहासही बाका आता रंगवून घेतेय.

येत्या रविवारीच जा. कोल्डवॉटर कॅनियन अव्हेन्यूवर, बरबँक आणि ऑक्सनार्ड या रस्त्यांच्या मधे. गाडी लांब लावून पूर्ण अर्धा मैल पायी चाल, आणि समितीतल्या आर्मेनियन बाईंना बरोबर घेऊन जा.

तुझी,
मावशी