पोहरे दोन, दोर एक

अणुवीजगृहांत हजारों झडपा, पंप व तारा असतात. त्या सर्वांची निगा सारखीच राखावी, हा विचार दिसावयास न्यायाचा. पण आम्हांस तो शहाणपणाचा वाटत नाहीं. कोणता भाग बिघडण्याचा संभव किती आणि बिघडल्यास अनर्थ केवढा, हें ताडूनच निगेचा क्रम लावला पाहिजे. अमेरिकेंत १९७५ सालच्या रासमुसेन-अहवालानें हें गणित प्रथम विस्तारानें मांडलें.

पालमास आमच्या आडावर पोहरे दोन होते, दोर एकच. तो तुटला त्या दिवशीं दोन्ही पोहरे असून नसल्यासारखे झाले! उत्तर प्रदेशांतील नरोरा येथें ३१ मार्च १९९३ रोजीं असेंच घडलें. टर्बाइनचीं पातीं तुटलीं, हायड्रोजननें पेट घेतला, आणि राखीव विजेच्या तारा अलग राखलेल्या नसल्यानें एकाच आगींत सांपडल्या. सुमारें १७ तास वीज नव्हती. तारलें तें विजेवांचून, डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनीं व कर्मचाऱ्यांच्या धैर्यानें.

तारापूरचें केंद्र १९६९ पासून आपल्याच महाराष्ट्रांत आहे. म्हणून 'राखीव साधनें किती?' एवढ्यावर आपण वाचकांनीं समाधान मानूं नये. 'तीं सर्व एकाच कारणानें निकामी होतील काय?' हेंही विचारीत असावें.