बाबांचा फासा

आई गेल्यावर हुडकेश्वरच्या आमच्या घरातलं टेबल फक्त जेवायला उरलं. जेवण झालं की बाबा टीव्ही लावायचे, मी लॅपटॉप उघडायचो.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी त्याच टेबलावर दहा बाजूंचे दोन फासे ठेवले. शेजारचा मित्र आणि मावसबहीण आले होते. दोघंही नवखे. तिसरा खेळाडू हवा म्हणून बाबांना बसवलं.

खेळ होता 'कॉल ऑफ कथुल्हू', १९८१ साली अमेरिकेत आलेला. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलून सांगायचं. गोष्ट चालवणारा तो कीपर, म्हणजे मी. काम अवघड असेल तर फासे टाकायचे. १ ते १०० मधला आकडा येतो; तो आपल्या कौशल्याच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी आला की जमलं. मन किती शाबूत आहे याचेही गुण असतात. भयंकर काही दिसलं की ते घटतात.

नवख्यांसाठी मी 'द हॉन्टिंग' निवडलं. मूळ गोष्ट १९२० च्या बॉस्टनमधली. भाडेकरू टिकत नाहीत असं एक घर, त्याचा छडा लावायचा. बॉस्टन आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, म्हणून घर उचलून सिव्हिल लाइन्समध्ये आणलं. डिसेंबर १९२०, नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन. शहर पाहुण्यांनी भरलेलं, कुठेच जागा नाही, आणि हा एक बंगला मात्र रिकामा.

मित्र 'हितवाद'चे जुने अंक चाळायला गेला, बहीण शेजाऱ्यांकडे. बाबा म्हणाले, "मी नझुलची फाइल पाहतो." महसूल खात्यात त्यांची तीस वर्षं गेली. ६० च्या आत हवे होते, आले ८३.

"नाही सापडली," मी नियमाप्रमाणे सांगितलं.

बाबांनी फासे माझ्याकडे सरकवले. "मंग मी उठू का?"

एक कॉल फेल झाला म्हणून अख्खी सिस्टिम बसू नये, हे ऑफिसात मी रोज पाहतो. इथे मात्र गोष्ट पुढे नेणारा धागाच मी फाशावर टांगला होता. कधी कीपर झालात तर लक्षात ठेवा: पुरावा द्यायचाच. फाशाने फक्त त्याची किंमत ठरवायची.

"थांबा बाबा, सापडली. पण शोधता शोधता अंधार पडला. रेकॉर्ड रूममध्ये तुम्ही एकटेच आहात. कंदील विझत आलाय."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "ही फाइल याआधी कोणी काढली होती? नोंद असते."

हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. "तीनदा काढलीय. तिन्ही सह्या बंगल्याच्या मालकाच्या."

"तारखा?"

"तो वारल्यानंतरच्या."

बहिणीने पाय खुर्चीवर घेतले.

साडेअकराला थांबलो, तोवर बंगल्याचं दारही उघडलं नव्हतं. दोघं गेल्यावर बाबांनी टीव्ही लावला नाही.

"पुढच्या रविवारी," ते म्हणाले, "रेकॉर्ड रूमची चावी कोणाकडे होती, ते ठरवून ठेव."