परतीची गाडी आधी

शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. कुठल्या तारखेला कुठलं शहर, रात्रीचा मुक्काम कुठे, सगळं तक्त्यात. आमच्या ह्यांनी तो तक्ता इतका देखणा केला की शेजारच्यांनी आपल्या अर्जासाठी नमुना म्हणून मागून नेला. पहिल्या निम्म्यात पोर्तो, कुइंब्रा, सिंत्रा अशी पोर्तुगालमधली नावं ओळीने होती. पुढे मात्र प्रत्येक तारखेसमोर एकच शब्द, लिस्बन. तिथे कांपु द ओरीक नावाच्या वस्तीत आम्ही एक लहानसं घर भाड्याने घेतलं होतं. त्या दिवसांचं काय करायचं ते गेल्यावर बघू, असा माझा हट्ट होता. नोकरी संपल्यावरचा पहिला मोठा प्रवास, त्यात थोडं तरी मोकळं असावं.

मोकळ्या दिवसांबद्दल लोक फार काव्यमय बोलतात. पाय नेतील तिकडे जावं, गल्लीबोळांत हरवून जावं, वगैरे. हरवायला माझी ना नाही. पण लिस्बन टेकड्यांवर वसलंय, तिथले फुटपाथ चुनखडीच्या बारक्या पांढऱ्या दगडांचे आहेत, आणि ते पायांनी घासून घासून असे गुळगुळीत झालेत की पावसाची सर येऊन गेली की जीव मुठीत धरून उतरावं लागतं. ह्यांचे गुडघे तर मुंबई विमानतळापासूनच कुरकुरत होते. शिवाय काहीच ठरवलेलं नसलं की दोन माणसं अकरा वाजेपर्यंत एकमेकांना “तू सांग”, “तुम्ही सांगा” करत राहतात, आणि बाराला भूक लागते.

त्यात ह्यांनी माद्रिद काढलं. “अगं, इतक्या लांब आलोय, शेजारचा देश बघायचा नाही का?” पैसे वसूल करण्याचा हा आपला रोग फार जुना आहे. मी म्हटलं, “अहो, गाडी बघा आधी.” बघितली, तर लिस्बनहून माद्रिदला थेट गाडीच नाही. रात्रीची एक जायची, ती २०२० साली बंद पडली. आता दोन-तीन ठिकाणी गाड्या बदलत जायचं, सगळा दिवस त्यातच. दोन राजधान्या, दोन्ही युरोपात, आणि मध्ये हा खोळंबा! माद्रिद तिथल्या तिथे बारगळलं.

माझी नोकरीची सगळी वर्षं वसई ते चर्चगेट करण्यात गेली. त्या प्रवासात एक शिस्त अंगात मुरते. जाताना कुठलीही गाडी मिळाली तरी चालते, येतानाची चुकवायची नाही. लिस्बनला मी तेच लावलं. कुठे जायचं हे ठरवण्याआधी संध्याकाळी घरी आणणारी गाडी कुठून आणि किती वाजता आहे ते बघायचं, आणि ती बेताची असेल तरच त्या गावाचा विचार करायचा. ऐकायला अरसिक वाटेल. पण ह्या एका चाळणीने निम्मी नावं आपोआप गळतात आणि उरलेल्या निम्म्यांत भांडायला फारसं काही उरत नाही. दुसरी चाळणी वारांची. बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार नदीचा. काय दु सुद्रेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तेजू नदी ओलांडून कासिल्यासला जायचं. दहा मिनिटांचा प्रवास, ट्राम-मेट्रोचंच कार्ड तिथेही चालतं. पलीकडे धक्क्यालगत बसून भाजलेला मासा खायचा आणि समोरचं लिस्बन बघायचं. बोटीत आम्ही सोडून सगळे कामावरून येणारे-जाणारे. बांगड्यासारखा दिसणारा कारापाव नावाचा मासा तिथे स्वस्त मिळतो आणि माशाची चव कळणाऱ्या माणसाला तो पुरतो.

एव्होरा ह्या गावाला मात्र अशी वाटेल तेव्हा गाडी मिळत नाही. दिवसात गाड्या मोजक्याच, त्यामुळे सकाळी लवकर निघा, संध्याकाळच्या गाडीने या, नाहीतर जाऊ नका. आम्ही गेलो. रोमन देवळाचे खांब पाहिले, जलवाहिनीच्या कमानींत बांधलेली घरं पाहिली. साओ फ्रान्सिस्कोच्या चर्चमधलं ते हाडा-कवट्यांच्या भिंतींचं प्रार्थनाघरही पाहिलं, पण मला त्यात काही राम वाटला नाही.

तोमार मात्र लक्षात राहिलं. त्या दिवशी सांता आपोलोनिया स्टेशनच्या खिडकीवर ह्यांनी पासपोर्ट पुढे केला, आणि पासष्टीच्या पुढचे म्हणून ह्यांचं तिकीट निम्म्या पैशांत आलं. माझं पूर्ण. आपल्याकडे ज्येष्ठांची रेल्वेसवलत २०२० मध्ये गेली ती गेलीच, त्यामुळे परक्या देशात मिळालेल्या ह्या मानाचं ह्यांना इतकं अप्रूप की गाडी सुटेपर्यंत ते तिकीट खिशात जाईना. गाडी आमच्या दिवा-वसईसारखी, प्रत्येक स्टेशनाला नमस्कार करत जाणारी. दोन तास लागतात. एंत्रोंकामेंतु हे मोठं जंक्शन मागे पडलं की फाटा फुटतो आणि तोमारला रूळच संपतात. परतायचं तर त्याच फलाटावरून, हे मला आवडलं.

गावावरच्या टेकडीवर टेंपलर ह्या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या सरदारांनी ११६० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला आहे आणि त्याला लागून ख्रिस्ताच्या पंथाचा मठ. १३१२ साली पोपने टेंपलर बरखास्त केले. पोर्तुगालचा राजा दिनिश हुशार. त्याने १३१९ मध्ये ‘ख्रिस्ताचा पंथ’ असा नवा पंथ काढून टेंपलरांची इस्टेट देशातच ठेवून घेतली. पुढे राजपुत्र हेन्री ह्या पंथाचा प्रमुख झाला, त्याच्या सागरी मोहिमांना पैसा इथून गेला, आणि पंथाचा लाल क्रूस जहाजांच्या शिडांवर चढला. तीच जहाजं पुढे आमच्या दारात आली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, ती १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडे होती. वसईच्या किल्ल्यात आम्ही शाळेच्या सहलीपासून नातवंडांपर्यंत कितीदा फिरलोय, पण त्या पडक्या चर्चच्या कमानी कुठल्या पैशावर उभ्या राहिल्या हा विचार डोक्यात आला नव्हता.

मठाची ती प्रसिद्ध खिडकी एका खालच्या गच्चीवरून बघावी लागते. खिडकी म्हणण्यापुरती लहान, भोवतीचं कोरीवकाम मात्र भिंतभर. दगडात जाड दोरखंड वळलेत, त्यांना खऱ्यासारख्या गाठी मारल्यात, पोवळी आहेत, समुद्रातलं शेवाळ आहे, बाजूच्या बुरुजाला कमरपट्ट्यासारखा पट्टा बांधलाय आणि त्याला चक्क बक्कल आहे. अगदी खाली एक दाढीवाला म्हातारा, मुळांचा सगळा भार अंगावर घेऊन वाकलेला. वर दगडावर खऱ्याच शेवाळाचे पिवळट डाग, त्यामुळे कोरलेलं कुठलं आणि उगवलेलं कुठलं हे काही ठिकाणी कळत नाही. समुद्र ह्या गावापासून पुष्कळ लांब आहे. ह्यांना बाक सापडला, मला कोपरा सापडला, आणि आम्ही गाडीची वेळ होईपर्यंत हललो नाही. कार्यक्रमात असतं तर इथे चाळीस मिनिटं मिळाली असती आणि पुढचं ठिकाण मानगुटीवर बसलं असतं.

स्टेशनाजवळच्या बेकरीत काचेमागे सामोसे मांडलेले. तिथे त्याला शमूसा म्हणतात आणि जवळपास प्रत्येक कॉफीच्या दुकानात तो मिळतो. गोव्याच्या आणि मोझांबिकच्या लोकांबरोबर तो तिकडे पोचला. आत बहुधा मांसाचं सारण असतं, शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं.

पावसाच्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही, म्हणजे धोब्याकडे गेलो. नाणी टाकून चालवायची यंत्रं, साबण यंत्रच घालतं. लांबच्या प्रवासात कपडे धुण्याचा दिवस वेगळा धरावाच लागतो, आणि तो कुठल्याच तक्त्यात नसतो. समोरच्या घरांच्या खिडक्यांबाहेर दोरीवर कपडे तसेच, वर फक्त प्लास्टिक पांघरलेलं. वसईतही पावसाळ्यात आम्ही हेच करतो. दुपारी उघडलं तेव्हा अझुलेझु म्हणजे रंगीत फरशांचं संग्रहालय गाठलं. तिथे १७५५च्या भूकंपाआधीचं लिस्बन निळ्या फरशांवर काढलेलं आहे, सुमारे २३ मीटर लांब. भूकंपात गेलेला राजवाडा तिथे अजून नदीकाठी उभा आहे.

शेवटचा मोकळा दिवस आला तेव्हा आम्हाला एकमेकांचा कंटाळा आला होता. हे कुणी सांगत नाही, पण चोवीस तास एकत्र राहिल्यावर चांगल्या संसारातही हे होतं, आणि त्यावर उपाय सोपा आहे. हे बेलेंला जहाजांच्या संग्रहालयात गेले. मी फेरा दा लाद्रा ह्या जुन्या बाजारात. तो मंगळवारी आणि शनिवारी सांता क्लाराच्या मैदानात भरतो. जमिनीवर चादरी अंथरून काय वाटेल ते विकायला ठेवलेलं, दारांच्या मुठी, चष्मे, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. जुन्या फरशा पुष्कळ होत्या आणि हात शिवशिवत होते. पण घरांच्या दर्शनी भिंतींवरून चोरलेल्या फरशा अशाच बाजारात येतात, आणि त्या वाचवायला तिथल्या पोलिसांनी २००७ पासून मोहीम चालवली आहे, हे वाचलेलं होतं. फरशी ठेवून दिली. त्याऐवजी निळ्या काठाचं, जरासं टवके गेलेलं इनॅमलचं दुधाचं भांडं उचललं. म्हातारीने बोटांवर किंमत दाखवली, मी बोटांवर कमी केली, तिने मान हलवून एक बोट परत वाढवलं.

संध्याकाळी हे घरी आले ते जहाजांच्या प्रतिकृतींचं सांगतच. मग ओट्यावरचं भांडं दिसलं.

“हे काय? किती दिले?”

“आधी चहा पिऊन घ्या,” मी म्हटलं, “ह्यातच केलाय.”