उंच मडगार्ड

आमच्याकडे पावसाळ्यात गाडी बंद पडत नाही, अडकते. इंजिन सुरू असतं, गिअर पडलेला असतो, पण पुढचं चाक फिरायला तयार नसतं. वर्धा जिल्ह्यातली काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, टायरसोबत वर चढते आणि मडगार्डच्या पोटात जाऊन बसते. पांदणीनं थोडं अंतर गेलं की टायर आणि मडगार्ड यांच्यात बोट घालायलाही जागा उरत नाही. मग उतरायचं, धुऱ्यावरून पऱ्हाटीची काडी मोडून आणायची आणि माती कोरत बसायचं.

सेलू तालुक्यातल्या आमच्या घरी बाबांची राजदूत होती. एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून घडवलेली, १७५ सीसीची, टू स्ट्रोक. तिचं पुढचं मडगार्ड पत्र्याचं, रुंद आणि चाकाला बिलगून बसलेलं. रस्त्यावरचं पाणी अंगावर उडू नये एवढाच विचार करणाऱ्यानं ते बनवलं होतं. पांदण त्याच्या हिशेबात नव्हती. मृग लागला की बाबा पाना घेऊन बसायचे, मडगार्ड काढायचे आणि गोठ्यात टांगून ठेवायचे. सोयाबीन घरात आल्यावर ते पुन्हा गाडीवर चढायचं. मधल्या महिन्यांत बाबा शेतातून आले की त्यांचे डोळे तेवढे ओळखू यायचे. गावात काही जणांनी यावर दुसरा इलाज शोधला होता. वेल्डिंगवाल्याकडे जाऊन ते मडगार्डच चार बोटं वर उचलून घेत. चिखल मोकळा पडायचा, तोंडही जरा बरं राहायचं.

मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या गाडीचं मडगार्ड मी पहिल्यांदा पाहिलं ते वर्ध्यात कॉलेजला असताना, एका टायरच्या दुकानातल्या पोस्टरवर. गाडी हवेत, खाली धुरळा, आणि मडगार्ड चाकापासून वीतभर उंच, पक्ष्याच्या चोचीसारखं पुढे आलेलं. बाकीची मुलं त्या उडीकडे बघायची. मला मात्र आमचा वेल्डिंगवाला आठवला. त्यानं पत्र्याला टाके मारून जे साधलं होतं, तेच तिथे कारखान्यात केलेलं होतं: मडगार्ड चाकाजवळ न बांधता वर, शॉकअपच्या दोन्ही नळ्या जिथे धरलेल्या असतात त्या ब्रॅकेटला खालून बांधायचं. चाक वर-खाली नाचत राहतं, मडगार्ड जागेवर राहतं, मधून चिखल गळून पडतो. ब्रिटनमध्ये १९२४ साली चिखलातल्या अशा शर्यती सुरू झाल्या. तिथल्या लोकांचा प्रश्न आणि आमच्या गावाचा प्रश्न एकच होता, फक्त ते हौसेनं चिखलात शिरत होते.

माझ्या वाट्याला आली ती सेकंडहँड यामाहा आरएक्स १००. तिचा सायलेन्सर, तिचा आवाज, तिचा पिकअप यांवर महाराष्ट्रात एवढं लिहून-बोलून झालं आहे की मी भर घालत नाही. नागपूरकडे मोकळ्या मैदानात पोट्टे मातीच्या शर्यती भरवायचे, तिथे मी ती चालवली. उंच मडगार्ड अर्थातच बसवलं होतं, प्लास्टिकचं, पांढरं. शर्यतीच्या मातीत कोरड्या दिवसांत त्याचा काही उपयोग नव्हता. दिसायला मात्र फार झ्याक दिसायचं.

पुढे २०११ साली हीरोची इम्पल्स आली आणि चालली नाही. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली आणि चालली. पुढे २१ इंचांचं चाक, मागे १८ इंचांचं, खाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, आणि उंच मडगार्ड कंपनीनंच दिलेलं. मी ती घेतली. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मडगार्डखाली हात घातला आणि म्हणाले, "हे बरं केलं पाय. आता काडी नाही लागनार." एवढं कौतुक त्यांनी माझ्या पदवीचंही केलं नव्हतं.

त्या गाडीवर मी बोरच्या जंगलाकडचे रस्ते फिरलो, पांदणी फिरलो. मग डोक्यात सुपरमोटो शिरली.

सुपरमोटोचं मूळ असं: १९७९ साली अमेरिकेत एबीसी या वाहिनीनं 'सुपरबाइकर्स' नावाची शर्यत दाखवली. गॅव्हिन ट्रिप नावाच्या आयोजकाची ती कल्पना. मातीतला, डांबरावरचा आणि सपाट गोल मैदानातला, यांतला सगळ्यांत चांगला चालक कोण हा वाद मिटवायचा तर सगळ्यांना एकाच मार्गावर उतरवू, थोडं डांबर, थोडी माती. त्यासाठी लोकांनी मोटोक्रॉसच्या गाड्या घेतल्या आणि त्यांना रस्त्याची चाकं चढवली. काही वर्षांनी अमेरिकेत ते बंद पडलं, पण फ्रान्स आणि इटलीनं ते उचललं, आणि २००२ पासून त्याची जागतिक स्पर्धा होऊ लागली.

चाकं चढवली म्हणजे काय, हे मला वर्ध्याच्या मिस्त्रीला समजावताना नीट कळलं. २१ इंचांचं अरुंद, गुठळ्यांचं टायर दगडावरून सहज चढतं, पण डांबरावर ब्रेक मारला की त्या गुठळ्याच वाकतात आणि गाडी डुलते. १७ इंचांचं रुंद टायर जास्त जमीन धरतं, आणि ट्रॅकसाठीचं मऊ रबर त्याच मापात मिळतं. पण एक बदल दुसऱ्याला ओढत आणतो. एक्सपल्सचं मूळ ९०/९०-२१ टायर काढून ११०/७०-१७ घातलं की गाडीचं नाक साडेपाच सेंटीमीटर खाली येतं. हँडल हलकं होतं, गाडी पटकन वळते, साइड स्टँड लांब पडतो आणि गाडी सरळ उभी राहून पलीकडे कलंडायला बघते. वेग पुढच्या चाकावरून मोजला जात असेल तर मीटरवर ७० दिसतं तेव्हा गाडी ६० च्या आत असते. शॉकअपचा प्रवास लांब, म्हणून जोरात ब्रेक मारला की पुढचा भाग खाली बुडतो. त्यासाठी आत कडक स्प्रिंग. पुढची डिस्क मोठी. आणि वेगासाठी स्प्रॉकेटचे दात बदलायचे.

मिस्त्रीनं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "पांदणीची गाडी घेतली, अन् आता तिले सडकेची करून राहिला? मंग पल्सरच घ्याची होती ना भाऊ!"

त्याचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. पण सुपरमोटोची गंमत अशी की ती पल्सर होत नाही. हँडल रुंद, सीट उंच, गाडी हलकी, चालक सरळ बसलेला. वळणावर मातीत काढतात तसा पाय बाहेर काढायचा आणि मागचं चाक सरकवत आत शिरायचं. मोठ्या ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर ती मार खाते. अरुंद, वेड्यावाकड्या ट्रॅकवर ती दुप्पट इंजिनाच्या गाडीला घाम फोडते.

खऱ्या, मोठ्या इंजिनाच्या मोटोक्रॉस गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास आणि ताकद साठ हॉर्सपॉवरच्या घरात. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली तेव्हा त्या गाड्या मी जवळून ऐकल्या. अशीच गाडी घेऊन तिला दिवे लावू, असं तिथे आलेल्या अर्ध्या पोरांच्या मनात होतं. कावासाकी आणि केटीएमच्या या गाड्या भारतात विकत मिळतात, पण फक्त स्पर्धेसाठी. रस्त्यावर चालवण्याचं प्रमाणपत्र त्यांना नाही, म्हणून नंबर मिळत नाही. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे लावले तरी मिळत नाही. आणि कागद बाजूला ठेवले तरी ती गाडी रस्त्याला कंटाळते. रेडिएटरला पंखा नसतो. मे महिन्यात ४५ अंशांत वर्ध्याच्या बजाज चौकात गर्दीत अडकली की पाणी उकळलंच. ऑइल जेमतेम सव्वा-दीड लिटर. मागच्या चाकात धक्के पचवणारे रबर नसतात, त्यामुळे डांबरावरचा प्रत्येक झटका थेट गिअरबॉक्सला बसतो. सर्व्हिस किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात, आणि ठरावीक तास झाले की पिस्टन बदलायचा.

बजाज चौकावरून आठवलं. केटीएम म्हणजे मोटोक्रॉसमधलं मोठं नाव, ऑस्ट्रियाचं. त्या कंपनीत बजाज ऑटोनं २००७ मध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला, पुढे तो वाढत गेला, आणि २०२५ मध्ये केटीएम दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना बजाजनं ८० कोटी युरो उभे करून तिला वाचवलं. हीच बजाज ऑटो १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावानं सुरू झाली होती. बच्छराज म्हणजे वर्ध्याचे शेठ, ज्यांच्या घरी जमनालाल बजाज दत्तक आले. आणि जमनालालांच्या आग्रहामुळे गांधीजी वर्ध्याला आले, १९३६ मध्ये सेवाग्रामला राहिले. सेवाग्रामच्या बापूकुटीपासून थोड्या अंतरावरच्या घराण्याचं नाव आज हवेत उड्या मारणाऱ्या नारिंगी गाड्यांच्या मागे आहे. गांधीजींना हे आवडलं असतं असं मी म्हणणार नाही. वर्धेकर म्हणून मला मात्र मजा वाटते.

कायद्याचं सांगायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आणली. वेल्डिंग करून मडगार्ड उचलणारा आमचा गाववाला आणि चाकं बदलणारा मी, कायद्याच्या लेखी एकच. हे मला पटत नाही. एकाचं चाक फिरावं म्हणून आहे, दुसऱ्याची हौस आहे. कलम लिहिणाऱ्यानं कधी पांदण पाहिली नसावी. पण पटत नाही म्हणून रस्त्यावर तसं फिरायचं, हेही मला पटत नाही.

म्हणून माझ्याकडे चाकांचे दोन जोड आहेत. घरी आणि रस्त्यावर कंपनीचे. १७ इंचांचे फक्त ट्रॅकवर. ट्रॅक जवळ नाही. आमच्या जिल्ह्यातला सगळ्यांत गुळगुळीत रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग, आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे, ती योग्यच आहे. बरा ट्रॅक पाहिजे तर चेन्नई किंवा कोइमतूर. कोइमतूरचा करी स्पीडवे २.१ किलोमीटरचा, छोटा आणि वळणांचा, सुपरमोटोला साजेसा. पेट्रोल काढून, पोत्यात गुंडाळून गाडी रेल्वेच्या पार्सल डब्यात चढवायची, चाकं वेगळी बांधायची.

तिथे एक गोष्ट लक्षात आली. नुसत्या डांबरी ट्रॅकवर सुपरमोटोला उंच मडगार्ड लागतच नाही. चिखल नाही, माती नाही. उलट वेगात ते वारा धरतं आणि हँडल थरथरतं. म्हणून त्याला भोकं पाडतात, लांबी कापतात. पण काढून टाकत नाहीत. कारण ते काढलं की गाडी कुठून आली हे दिसायचं बंद होतं. बाबांनी गरजेपोटी काढलेली वस्तू मी गरज नसताना बसवून फिरतो, याला शौकच म्हणायचं. त्यांना ट्रॅकवरचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "एवढ्या चांगल्या सडकेवर एवढं वर कायले लावलं रे?"

विदर्भातल्या ज्या पोरांच्या डोक्यात हे वेड शिरलं आहे त्यांना एवढंच सांगतो. बिनानंबरची मोटोक्रॉस गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. नंबर मिळणारी घ्या, १७ चे रिम वेगळे बांधून घ्या आणि ट्रॅकच्या गेटच्या आत गेल्यावरच चढवा. मूळ चाकं भंगारात देऊ नका. पंधरा वर्षांनी आरटीओत री-पासिंगला गाडी कंपनीच्या मूळ रूपातच दाखवावी लागते.