पहिल्या जागेवरचा एक्का

नऊ जणांच्या होल्डेम टेबलावर बिग ब्लाइंडच्या डावीकडे बसलेल्याला सर्वांत आधी बोलावं लागतं. तो काय करायचं ते ठरवतो तेव्हा उरलेल्या आठांपैकी कुणाच्याही पानांचा त्याला अंदाज नसतो. त्या जागेवर जोडी आली नाही, पण एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी किंवा एक्का-गुलाम आले, तर बहुतेक जण या चौघांना एकाच मापाने मोजतात : मोठी पानं आली, रेज करा. खेळता खेळता माझं मत याच्या विरुद्ध पक्कं होत गेलं आहे. या जागेवर एक्का-राजा आणि एक्का-गुलाम यांच्यात दोन पायऱ्यांचं नव्हे, फार मोठं अंतर आहे. पहिला नि:शंक रेज करावा, दुसरा मुकाट्याने टाकावा.

याचा हिशोब कागदावर करता येतो. तुमची दोन पानं वगळली की उरलेल्या पन्नासांतून १,२२५ जोडगोळ्या होतात. तुमच्याकडे एक्का-राजा असेल तर तुम्हाला ठळकपणे मागे टाकणाऱ्या फक्त सहा : एक्क्यांच्या तीन, राजांच्या तीन. ज्यांच्याशी सामना जवळपास बरोबरीचा, त्या लहान जोड्या मी यात धरत नाही. एक्का-राणी असेल तर ही संख्या २४ होते, राजा-राणीला ३६, एक्का-गुलामाला ४२. आता मागच्या आठही जणांचा विचार करा. त्यांच्यापैकी निदान एकाकडे असं काही असण्याची शक्यता एक्का-राजाला सुमारे ४ टक्के, एक्का-राणीला १५, राजा-राणीला २१ आणि एक्का-गुलामाला २४ टक्के येते. सगळ्यांनी पानं टाकून डाव बटणापर्यंत आला, तर मागे दोघेच उरतात आणि तिथे एक्का-राणीचा धोका ४ टक्क्यांवर उतरतो. म्हणजे बटणावरची एक्का-राणी धोक्याच्या बाबतीत पहिल्या जागेवरच्या एक्का-राजाइतकीच सुरक्षित आहे. जागेचं महत्त्व यापेक्षा स्पष्ट कसं सांगावं, मला माहीत नाही.

यावर कुणी म्हणेल, २४ टक्के धोका म्हणजे ७६ टक्के वेळा आपणच पुढे. मग पानं का टाकायची? पण त्या ७६ टक्क्यांत मिळतं काय, हे पाहायला हवं. बहुतेक वेळा सगळे पानं टाकतात आणि हाती ब्लाइंडपुरतेच पैसे येतात. उरलेल्या वेळी काय होतं, ते एका फ्लॉपवर पाहा : इस्पिकचा एक्का, बदामची अठ्ठी, चौकटची तिर्री. तुमच्याकडे एक्का-गुलाम आहे, एक्क्यांची जोडी लागली आहे. तुम्ही बेट करता, मागचा कॉल करतो. चौथ्या पानावर पुन्हा बेट, पुन्हा कॉल. पाचव्या पानावर तिसरी बेट लावाल, तेव्हा एक्का-दश्शी किंवा नवांची जोडी असलेला बहुधा केव्हाच निघून गेलेला असतो. जो अजून बसला आहे, त्याच्याकडे एक्का-राणी, एक्का-राजा किंवा अठ्ठ्यांचा सेट असण्याचा संभव मोठा. पॉट लहान राहिला तर तुम्ही जिंकता, फुगला तर हरता. त्यातून बटणावरचा माणूस प्रत्येक फेरीत तुमच्यानंतर बोलतो आणि तुमची चाल पाहून आपली ठरवतो.

एक्का-राजावरचा आक्षेप वेगळा आहे. फ्लॉपवर एक्का किंवा राजा येण्याची शक्यता ३२ टक्केच आहे, म्हणजे तीनांतून दोनदा हाती काहीच लागत नाही. मग नुसता कॉल करून स्वस्तात फ्लॉप का पाहू नये? आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. नुसत्या कॉलने मागच्या चार-पाच जणांना आत येण्याचं आमंत्रण मिळतं, आणि इतक्या गर्दीत नुसता एक्का मोठा असून काही साधत नाही. रेजने गर्दी हटते आणि फ्लॉप हुकला तरी एका प्रतिस्पर्ध्यासमोर पॉट उचलण्याची संधी राहते. घट्ट खेळणाऱ्याने उलट रेज केली, तर त्याच्याकडे एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या किंवा एक्का-राजा आहे असं धरा. अशा २१ जोडगोळ्या होतात. त्यांतल्या नऊ तुमच्याइतक्याच, सहा राण्यांच्या आणि त्यांच्यासमोर सुमारे ४३ टक्के संधी. खरा मार फक्त सहांचा. हीच रेज एक्का-राणीवर आली, तर समोरच्या चोवीसच्या चोवीस जोडगोळ्या तुमच्या पुढे असतात.

सहा जणांच्या टेबलावर मात्र पहिल्याच्या मागे पाचच जण असतात. तिथे एक्का-गुलामाचा धोका १६ टक्क्यांवर येतो आणि रेज समर्थनीय ठरते. २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यापासून हा फरक आपल्याकडे महत्त्वाचा झाला आहे. सहा जणांच्या ऑनलाइन टेबलावर हात बसलेला खेळाडू गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोत भरलेल्या टेबलावर बसतो आणि जुन्याच सवयीने रेज करतो. दोन्ही पानं एकाच चिन्हाची असतील, तर फ्लशची वाट उघडी राहते, म्हणून तेवढे एक्का-गुलाम आणि राजा-राणी मी पहिल्या जागेवरूनही खेळतो. बाकीचे, मग कितीही वेळ चांगली पानं आलेली नसोत, त्या जागेवरून टाकून द्या. एक्का-राणी रेज करा, पण घट्ट माणसाची उलट रेज आली की तीही सोडा.