अधांतरीं स्थैर्य

विद्येला वयाचें बंधन नाहीं असें आपण मुलांना नेहमीं सांगतों. पण तें वचन स्वतःच्या बाबतींत कसोटीस लावण्याचा प्रसंग वडीलधाऱ्या मंडळींवर क्वचितच येतो. मजवर तो त्रेसष्टाव्या वर्षीं आला. माझ्या धाकट्या बंधूंचा नातू रेडिओलहरींवर चालणारें लहानसें हेलिकॉप्टर उडवितो. "आजोबा, नुसतें पाहतां काय? हातांत घ्या," असें तो एके दिवशीं म्हणाला, आणि जन्मभर संस्कृत शिकविलेला मी त्या मुलाचा शिष्य झालों.

वाचकांस वाटेल, या खेळण्यांत शिकण्यासारखें तें काय? साध्या विमानाची प्रतिकृति नीट उडूं लागली कीं क्षणभर हात सैल सोडला तरी ती आपल्या मार्गानें जात राहते. हेलिकॉप्टरचें तसें नाहीं. त्यास एका जागीं अधांतरीं ठेवणें हीच पहिली विद्या, आणि तीच कठीण. मोठा पंखा एका दिशेनें फिरूं लागला कीं धड उलट दिशेनें फिरूं पाहतें. शेपटीचा लहान पंखा त्यास आवरून धरतो. आमच्या रिमोटवर डाव्या दांडीनें यंत्र वर-खालीं जातें व नाक वळवितें. उजवीनें तें पुढें, मागें व दोन्ही बाजूंस कलतें. या क्रिया संधिनियमांप्रमाणें एकमेकींशीं बांधलेल्या आहेत: एक वर्ण बदलला कीं शेजारचाही बदलतो. पुढें कलविलें कीं उचल कमी पडून यंत्र खालीं येतें. उचल वाढविली कीं शेपटीवरचा ताण बदलतो. शेपटी सांभाळण्यास आंत जायरोस्कोप असतो, एवढीच नवशिक्यावर कृपा!

शिवाय दांडी यंत्राची जागा ठरवीत नाहीं, त्याचा कल ठरविते. तें डावीकडे सरकूं लागलें तर थांबविण्यासाठीं उजवीकडे कलवावें लागतें, आणि थांबतांच पुन्हां सरळ करावें लागतें. नवशिका यंत्र पुरतें सरकेपर्यंत वाट पाहतो, मग जोरानें दांडी लोटतो, आणि झोके वाढत जातात. उपाय लहान आणि लवकर करावयाचा असतो. पाहणाऱ्यास यंत्र निश्चल दिसतें, तेव्हां चालविणाऱ्याचे अंगठे क्षणभरही स्वस्थ नसतात. स्थैर्य म्हणजे निष्क्रियता नव्हे, हें स्थितप्रज्ञाचीं लक्षणें शिकवितांना मीं अनेकदां सांगितलें होतें. अंगठ्यांना तें आतां कळलें.

शिक्षणाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम संगणकावरील आभासी यंत्र. तें कितीही वेळां आपटलें तरी खर्च नाहीं. मग गांवाबाहेरचें मोकळें माळरान आणि वारा पडलेली सकाळ. यंत्र कलंडूं नये म्हणून त्याच्या पायांखालीं फुलीसारख्या दोन काठ्या बांधतात व टोकांस हलके चेंडू लावतात. यांत संकोचण्याचें कारण नाहीं. इगॉर सिकॉर्स्की यांनीं १४ सप्टेंबर १९३९ रोजीं अमेरिकेंत आपलें व्हीएस-३०० हें हेलिकॉप्टर प्रथम जमिनीवरून उचललें, तेव्हां तेंही दोरांनीं बांधलेलें होतें. फिरतें पातें गंभीर इजा करूं शकतें. म्हणून घरांतील लहान मुलें दूर ठेवणें हा सर्वांआधींचा नियम.

आरंभीं यंत्राची शेपटी आपल्याकडे असते. त्याचें डावें तें आपलें डावें. तेथपर्यंत मी दोन महिन्यांत पोंचलों. मग नाक आपल्याकडे वळवावयाचें, आणि सारें जग उलटें होतें: त्याचें डावें तें आपलें उजवें. नातवानें एक युक्ति सांगितली. "आजोबा, तें ज्या बाजूला पडतंय त्याच बाजूला दांडी न्या, टेकू दिल्यासारखी." युक्ति अचूक आहे, पण ती कुबडी होय. खरी विद्या म्हणजे मनानें त्या यंत्रांत जाऊन बसणें. कठोपनिषदांत बुद्धीला सारथी म्हटलें आहे. पण तो सारथी रथांतच बसलेला. येथें सारथी जमिनीवर, रथ समोर, आणि रथाचें तोंड आपल्याकडे!

त्याच सुमारास घरांत एक प्रश्न निघाला. नातू बारावींत होता. त्यानें अभियांत्रिकीची पदवी घ्यावी ही सर्वांची इच्छा. त्याचा ओढा विमानांच्या देखभाल-दुरुस्तीच्या शिक्षणाकडे. तीन रात्रीं जेवणानंतर खल झाला. प्रत्येकजण त्याच्या हिताचेंच बोलत होता, आणि प्रत्येकजण स्वतःच्या जागेवरून बोलत होता. मुलगा मान खालीं घालून बसला होता. मला विचारलें तेव्हां मी बंधूंना इतकेंच म्हणालों, "अरे, त्याचें तोंड आपल्याकडे आहे. आपण ज्याला उजवें म्हणतों तें त्याचें डावें. निर्णय मागाहून घे. आधीं रविवारीं माळावर ये."

बंधू आले. घरांत चार शब्द न बोलणाऱ्या त्या मुलानें यंत्र उघडून पात्यांचा तोल कसा पाहतात, एक सैल दुवा सारें उड्डाण कसें बिघडवितो, हें आजोबांना तासभर समजावून सांगितलें. परततांना बंधूंनीं त्याला त्या शिक्षणाचा काळ, फी आणि परवाना यांविषयीं विचारलें. निर्णय अजून व्हावयाचा आहे. पण प्रश्न आतां त्याला विचारले जातात, नुसते त्याच्याविषयीं नव्हे.

नाक समोर असतां मी अजून अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ यंत्र स्थिर ठेवूं शकत नाहीं. अभ्यास चालूं आहे. समोरच्याच्या आसनावर बसून डावें-उजवें ओळखण्याची ही विद्या माळावर न जातांही साधतां येईल. मात्र गुरु घरांतलाच आणि वयानें लहान असला तरी चालेल, एवढी मनाची तयारी हवी.